पोहत गेला म्हणजे वाचला असं नाही

गळाने मासे धरणाऱ्यांचे प्रश्न घेऊन बसलो की दर वेळी वाटतं, अरे हे तर मागच्याच खेपेला सांगितलं होतं. पण तोच घोळ पुन्हा येतो, कधी कुणा मित्राच्या तोंडून, कधी दुकानदाराच्या, कधी दोन मिनिटांच्या व्हिडिओतून. म्हणून यावेळी गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे, त्यातही बास (दबा धरून शिकार करणारा मासा) आणि कार्प (तळ उकरून खाणारा) यांचे, जास्तीत जास्त वेळा आलेले प्रश्न एकत्र घेतलेत. शिक्षण माझं मत्स्यशास्त्राचं आणि गळ टाकणं हा छंद, त्यामुळे दोन्हीकडून बोलतो. एक आधीच सांगून टाकतो, परवाना लागतो का, बंदीचा काळ कुठला, किती लांबीचा मासा ठेवता येतो, हे मला विचारू नका. ते पाण्यागणिक बदलतं, त्यामुळे ज्या पाण्यात गळ टाकणार तिथल्या मत्स्य खात्याला विचारायचं, आणि जायच्या आधी विचारायचं, पकडले गेल्यावर नाही.

प्रश्न: नवीनच सुरुवात करतोय. दुकानात म्हणाले बाससाठी वेगळा रॉड, कार्पसाठी वेगळा, लूरच्या (नकली आमिषाच्या) वजनाप्रमाणे आणखी दोन-तीन लागतील. खरंच एवढे लागतात का?

एक लागतो. साडेसहा-सात फुटाचा मीडियम पॉवरचा स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साईजची रील, त्यावर ८ ते १० पौंडी साधी नायलॉन लाईन, झालं. याच्यावर एक मोसम काढा, मग तुमचं तुम्हालाच कळेल की पुढे काय पाहिजे. रीलमध्ये बॉल बेअरिंग किती यावर भाळू नका, अकरा स्वस्त बेअरिंगपेक्षा चार चांगली कधीही बरी, पण खोक्यावर अकरा मोठं दिसतं.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही ते ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, मासा जोरात ओढायला लागला की लाईन सोडणारा. लाईन जेवढ्या ताकदीला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर ड्रॅग सुटायला हवा, म्हणजे १० पौंडी लाईनला अडीच-तीन पौंड. हाताने ओढून "बरोबर वाटतंय" असं नको, छोटा स्प्रिंगचा काटा लाईनला अडकवून ओढून बघा. पहिल्यांदा जमणार नाही, कुणातरी जुन्या माणसाकडून समोर बसून शिकून घ्या.

प्रश्न: फ्लोरोकार्बन लाईन पाण्यात दिसतच नाही म्हणतात. मग सगळी रील त्यानेच भरू का?

दिसते. अदृश्य हा शब्द पाकिटावरचा आहे. प्रकाश वाकवण्याचं पाण्याचं माप १.३३, फ्लोरोकार्बनचं साधारण १.४२, नायलॉनचं १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ आहे, कमी उठून दिसते, एवढंच. तिचा खरा गुण म्हणजे ती बुडते आणि दगडावर घासली तरी टिकते. पण ताठ असते, नवख्याच्या स्पिनिंग रीलवर पूर्ण भरली तर वेटोळी घालून डोकं फिरवते. त्यापेक्षा मुख्य लाईन नायलॉन किंवा ब्रेड (विणलेली लाईन) ठेवा आणि पुढचे तीन-चार फूट फ्लोरोकार्बनचे जोडा. ब्रेड तरंगते, ताणली जात नाही, मासा नुसता शिवला तरी हातात कळतं, पण तिला गाठ नीट पाहिजे, हुकाला पालोमार गाठ मारा. आणि गाठ कुठलीही असो, आवळायच्या आधी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते, मग मोठा मासा तोडून गेला की लाईनच्या कंपनीला शिव्या घालतो आपण.

प्रश्न: मी पैसे भरून एक ॲप घेतलंय, त्यात हवेचा दाब आणि चंद्र बघून मासे कधी खातील ते येतं. तरी रिकामा परत येतो. ॲप वाईट की मी?

ॲपवर एवढा विश्वास का ठेवलात हा खरा प्रश्न. साधा हिशोब करू. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर माशाला तो साधारण १ सेंटिमीटर पाण्याच्या फरकाएवढा जाणवणार. चांगलं वादळ आलं आणि दाब २० ने पडला, तर २० सेंटिमीटर. मासा खाली-वर करताना दिवसातून कितीतरी वेळा याच्यापेक्षा जास्त फरक सोसतो. मग वादळाच्या आधी मासे जोरात खातात हा लोकांचा अनुभव खोटा का? खोटा नसेल, पण त्याच वेळी ढग येतात, उजेड कमी होतो, वारा पाणी ढवळतो, काठाजवळ खाद्य हलतं, आणि बाससारखा दबा धरून बसणारा मासा कमी उजेडात धीट होतो. कारणं ही आहेत आणि ती तुमच्या डोळ्यांना दिसतात, त्याला ॲप लागत नाही.

चंद्राचं म्हणाल तर चंद्रावरून मासे कधी खातील ते सांगणारे सोलुनार तक्ते, ते जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर बेतलेत आणि अजून विकले जातायत. मी तक्ता बघून जात नाही, पहाटे नाहीतर संध्याकाळी जातो आणि वारा ज्या काठाला लाटा ढकलतोय तिथे उभा राहतो. वही ठेवा, पाण्याचं तापमान, वारा, वेळ, काय मिळालं ते लिहा. वर्षभराने ती वही त्या ॲपपेक्षा शहाणी झालेली असेल.

प्रश्न: काठावर गप्पा मारल्या तर मासे पळतात का?

गप्पा मारा, पाय आपटू नका. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरूनच बहुतेक परत फिरतो, पण काठावरचा धप्प आवाज आणि बोटीच्या तळाला लागलेला डबा थेट पाण्यात जातो. कार्पच्या बाबतीत तर जास्तच, त्याच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे तो फार चांगलं ऐकतो.

प्रश्न: कार्प आमिष हलवतो, पाण्यावरचा फ्लोट थरथरतो, ओढलं की नुसता गळ हातात. सहा महिने हेच चाललंय.

कारण कार्प चावत नाही. त्याच्या जबड्यात दातच नाहीत, दात असतात घशात. तो आमिष ओठांनी ओढून आत घेतो, चव बघतो आणि पटलं नाही तर फुर्रकन बाहेर टाकतो, हे सगळं तुमचा हात रॉडवर जाईपर्यंत उरकलेलं असतं. तुम्ही गळ पूर्ण आमिषात लपवलाय, त्यामुळे थुंकताना गळाचं टोक कुठेच लागत नाही. यावर १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या कार्पवाल्यांनी हेअर रिग काढली. आमिष गळावर लावायचंच नाही, गळाच्या मागून केसासारखा बारीक दोरा काढून त्यावर ओवायचं, गळ उघडा. आमिष आत जातं तेव्हा गळही जातो, थुंकलं की आमिष बाहेर आणि गळ खालच्या ओठात. दिसायला येडपट वाटतं, पण चालतं. बांधायला एकदा कुणाकडून तरी शिका, दोऱ्याची लांबी चुकली तर काही उपयोग नाही.

याच वाचकांनी पुढे लिहिलंय की कोरडे मटार आणि मका मूठ-मूठ टाकून मासे जमवतो. ते बंद करा. कोरडं धान्य पाण्यात फुगतं, आणि माशाने गिळल्यावर फुगलं तर आत फुगतं. आधी २४ तास भिजवायचं, मग चांगलं अर्धा तास उकळायचं, बोटाने दाबलं की चेपलं पाहिजे. आणि मूठ-मूठ कशाला, चार दाणे टाका. न खाल्लेलं खाली कुजतं आणि तळाचा ऑक्सिजन खातं.

प्रश्न: मी एकही मासा घरी नेत नाही, सगळे सोडतो. फोटोसाठी दोन-तीन मिनिटं बाहेर असतो तेवढंच, आणि सोडल्यावर मस्त पोहत जातात. मित्र म्हणतो त्यातले बरेच मरतात. कोण बरोबर?

मित्र. आणि आता जरा बसा, कारण या एका गोष्टीवर मी वर्षानुवर्षं डोकं आपटतोय.

पोहत गेला म्हणजे वाचला असं नाही. मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाचं तोंड कुणी दोन मिनिटं दाबून धरलं आणि सोडल्यावर तो घराकडे चालायला लागला, तर "बघा, काही झालं नाही" म्हणाल का? गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झगडतो, त्याच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं, रक्त आम्लाकडे झुकतं. त्याला त्या क्षणी सगळ्यात जास्त गरज असते ती ऑक्सिजनची, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पाण्याबाहेर काढतो, कॅमेरा शोधतो, टोपी सरळ करतो, "एक अजून घे रे" म्हणतो. माशाचे कल्ले म्हणजे शेकडो नाजूक पाती, पाण्यात ती सुटी सुटी फुललेली असतात, हवेत आली की ओल्या केसांसारखी एकमेकांना चिकटतात. हवेत ऑक्सिजन भरपूर असून त्याला घेता येत नाही.

१९९२ मध्ये कॅनडात रेनबो ट्राउटवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मी दिसेल त्याला सांगत असतो. मासे पाठलाग करून पार दमवले. काही लगेच पाण्यात राहू दिले, काही ३० सेकंद हवेत धरले, काही ६० सेकंद. १२ तासांनी मोजले तर नुसते दमवलेले ८८ टक्के जिवंत होते, ३० सेकंद हवेत काढलेले ६२ टक्के, आणि एक मिनिटवाले फक्त २८ टक्के. एक मिनिट! तुम्ही दोन-तीन लिहिलंय. आता ट्राउट नाजूक जात आहे, बास आणि त्याहून कार्प चिवट, त्यामुळे हेच आकडे त्यांना लावू नका, मीही लावत नाही. पण दिशा तीच आहे, आणि मेलेले मासे काही तासांनी मेले, तुम्ही घरी पोचून फोटो टाकल्यानंतर. म्हणून तर काठावरून कुणालाच पटत नाही, मेलेला मासा बघायला तिथे कुणी थांबलेलंच नसतं.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. तरुणपणी एक दांडगा कार्प मिळाला होता, पहिल्या फोटोत माझं डोकं कापलं गेलं, दुसऱ्यात मासा हलला, तिसरा छान आला. सोडला, शेपटी मारून गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी गेलो तर लव्हाळ्यात पोट वर करून पडलेला, पाठीवरच्या डागावरून ओळखला. तो छान आलेला फोटो मी कुणाला दाखवत नाही.

आता यात उन्हाळा मिसळा. ० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला ९.१, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो, आणि मासा थंड रक्ताचा असल्याने गरम पाण्यात त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं, त्याची गरज वाढते. दोन्ही बाजूंनी कात्री. ट्राउटसाठी पाणी २० अंशाच्या वर गेलं की मी रॉड गुंडाळतो. बास गरम पाणी सोसतो, पण पाणी अंगाला कोमट लागेल अशा दुपारी झगडवून, फोटो काढून सोडणं म्हणजे सोडण्याचं नाटक आहे. खिशात थर्मामीटर ठेवा, हवेचं नाही पाण्याचं तापमान बघा, आणि किती अंशाला थांबायचं ते त्या पाण्याच्या मत्स्य खात्याला विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांच्या सूचना तयार असतात.

मग करायचं काय? मासा लवकर आत आणा. अगदी बारीक लाईनवर अर्धा तास खेळवणं यात काही मर्दुमकी नाही, तो अर्धा तास माशाच्या जिवावर असतो. जाळं रबराचं घ्या, गाठी नसलेलं. गाठीच्या नायलॉन जाळ्याने खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर सोलून निघतो, तो थर म्हणजे त्याचं चिलखत, तो गेला की त्या जागी कापसासारखी बुरशी धरते. हात ओले करा. टॉवेलने धरू नका, वाळूवर-दगडावर टाकू नका, कार्प असेल तर खाली भिजवलेली मऊ गादी पाहिजे, आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसा म्हणजे निसटला तरी वीतभरच पडेल. मोठ्या बासला नुसतं खालच्या जबड्याला धरून आडवा झुलवतात ना, ते बघून माझ्या अंगावर काटा येतो, सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं, दुसरा हात पोटाखाली द्या. कल्ल्यात बोट कधीच नाही.

फोटो काढायचाच तर मासा जाळ्यात पाण्यातच ठेवा, कॅमेरा तयार करा, कोण कुठे उभं राहणार ते ठरवा, मग उचला, एक-दोन-तीन म्हणा आणि परत खाली. अंगावरून पाणी गळतंय असा फोटो आला तर समजा बरोबर केलंत, मासा कोरडा दिसतोय म्हणजे फार उशीर केला. मी सोबतच्यांना सांगतो, मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखा, तुम्हाला घ्यावासा वाटला की त्यालाही घेऊ द्या. सोडताना त्याला पुढे-मागे ढकलत बसू नका, मागे ओढलं की कल्ल्यात पाणी उलटं जातं. वाहतं पाणी असेल तर तोंड प्रवाहाकडे करून सरळ धरा, स्वतःहून जाईपर्यंत.

आणि वसंतात उथळ पाण्यात एकाच जागी घिरट्या घालणारा बास दिसला तर त्याला गळ दाखवूच नका, कायदा परवानगी देत असला तरी. तो नर आहे, घरट्यावर राखण करतोय. तुम्ही त्याला पाच मिनिटं उचललं तेवढ्यात आजूबाजूचे ब्लूगिल जातीचे छोटे मासे अंडी फस्त करतात, आणि दमून परत आलेला नर कधी कधी घरटं सोडूनच देतो. एक मासा सोडल्याचं समाधान तुम्हाला, आणि पिढी गेली.

शेवटचं, म्हणजे माझा राग संपेल. नियमात बसणारा मासा मारून खाणं यात काही पाप नाही. पटकन मारा, बर्फात ठेवा, खा. अर्धमेला करून सोडलेल्या पाच माशांपेक्षा नीट मारलेला एक मला जास्त प्रामाणिक वाटतो. फक्त खाण्याआधी त्या पाण्यातले मासे खाण्याबद्दल आरोग्य खात्याची काही सूचना आहे का बघा. बाससारख्या शिकारी माशात पारा साठत जातो, तो मांसातच असतो आणि शिजवून जात नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: गळ पार घशात गेला तर? ओढून काढावा की तसाच ठेवावा?

दिसत असेल आणि पक्कडीने सहज येत असेल तर काढा. खोल असेल तर गळाजवळून लाईन कापा आणि सोडा. खणत बसल्याने जास्त मासे मरतात, बरेचसे मासे गळ पुढे स्वतःच बाहेर टाकतात. "गंजून जाईल" यावर मात्र विसंबू नका, स्टेनलेसचा गळ सहजासहजी गंजत नाही. त्याहून बरं म्हणजे ही वेळच येऊ न देणं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, आणि आमिष लावून बसणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरा. त्याला झटका द्यायचा नसतो, नुसतं गुंडाळत जायचं, तो आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. सवय नसलेले लोक जोरात झटका देतात आणि मग सर्कल हुकला नावं ठेवतात.

प्रश्न: खोल पाण्यातून काढलेला बास सोडल्यावर आडवा तरंगतो, पोट फुगलेलं. व्हिडिओत सुई टोचून हवा काढतात, मी करू का?

नाही. व्हिडिओ बघून तर अजिबात नाही. बासची हवेची पिशवी बंद असते, झटकन वर आणलं की दाब कमी होऊन ती फुगते, कार्पला मात्र त्या पिशवीपासून घशाकडे नळी असते म्हणून तो हवा सोडू शकतो. सुई अर्धा इंच चुकली तर दुसरंच काहीतरी फोडाल. वजन लावून माशाला पुन्हा खोलवर नेऊन सोडायची साधनं मिळतात, ती बरी, पण तीही मत्स्य खात्यातल्या किंवा हे नेहमी करणाऱ्या माणसाकडून शिकून वापरा. आणि तिथे सगळेच मासे असे फुगून येत असतील तर जागा बदला, एवढा साधा उपाय लोकांना का सुचत नाही कोण जाणे.

प्रश्न: उरलेले जिवंत आमिषाचे मासे तलावात सोडून देतो, मारायला जीव होत नाही. चांगलंच आहे ना?

भावना चांगली, काम वाईट. ते मासे त्या पाण्यातले नाहीत. त्यांच्याबरोबर दुसऱ्या जातीची पिल्लं, परजीवी, विषाणू काहीही जातं. कॉमन कार्पचंच बघा, युरोप-आशियातला मासा, १८७७ पासून अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगानेच तिथे हौसेने वाटला, आणि आज तिथल्या कितीतरी तलावांत तळ उकरून पाणी गढूळ करतो म्हणून त्याच सरकारी यंत्रणा तो काढायला झटतात. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्सकडे सापडले, त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, बोटीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातून दुसऱ्या तलावात पोचतात. कोई हर्पिस विषाणू कार्पचे थवेच्या थवे मारतो, तो ओल्या जाळ्यावरून, गादीवरूनही जाऊ शकतो.

म्हणून उरलेलं आमिष कचऱ्यात, पाणी जमिनीवर, आणि पुढच्या पाण्यात जायच्या आधी जाळं, बूट, गादी धुऊन कडक वाळवलेली. घरच्या टाकीतला मोठा झालेला गोल्डफिश सोडणाऱ्यांनाही हेच. नको असेल तर ज्याच्याकडून आणला त्याला परत करा.

प्रश्न: गळ बोटात घुसला, काटा आतच आहे. घरी काढता येतो का?

डोळ्यात, डोळ्याजवळ, गळ्यावर, सांध्यात असेल तर हात लावू नका, हलणार नाही असं बघून थेट हॉस्पिटल. डोळ्यावर दाब पडेल अशी पट्टी नको, वरून कागदी कप उलटा ठेवून झाका. साध्या कातडीत असेल तर दोरा बांधून झटक्याने काढायची एक रीत आहे, पण ती आधी कुणी दाखवलेली असली पाहिजे, तिथे उभं राहून फोनवर बघून नाही. काढला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते डॉक्टरांना सांगा. आणि "गोड्या पाण्यात मासे धरताना लागलं" हे शब्द वापरून सांगा, कारण तलावातल्या काही जंतूंना नेहमीची औषधं पुरत नाहीत. जखम लाल होऊन पसरायला लागली, किंवा आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं झालं तर "बघू उद्या" करू नका, लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि उशीर झाला तर तो मूत्रपिंडावर जातो.

प्रश्न: शिशाचं वजन दातांनी दाबतो, सगळेच दाबतात.

सोडा ती सवय, पक्कड घ्या. शिसं विषारी आहे, पडलेली वजनं गिळून हंस मरायचे म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून त्या छोट्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टन, टिन मिळतं, ते घ्या.

प्रश्न: कार्पचं पित्त कच्चं गिळलं तर नजर सुधारते आणि साखर उतरते असं एका जाणकाराने सांगितलं.

तो जाणकार नाही. ग्रास कार्प, रोहू आणि त्यांच्या जातभाईंच्या पित्ताशयात विषारी द्रव्य असतं, ते गिळून आधी उलट्या-जुलाब आणि मग मूत्रपिंड बंद पडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी वेळा नोंदली गेलीत. शिजवूनही नको. कुणी गिळलंच असेल तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि काय गिळलं ते स्पष्ट सांगा. साखरेसाठी डॉक्टर आहेत.

प्रश्न: गडगडायला लागलं की किती वेळ थांबता येतं?

शून्य. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि तुम्ही तो आकाशाकडे धरून पाण्यात उभे आहात. रॉड खाली ठेवा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. वीजवाहक तारांखाली तर ऊन पडलं असलं तरी गळ फेकू नका, रॉड तारेला टेकायचीही गरज नसते.

प्रश्न: मित्राने १५ किलोचा लार्जमाउथ बास पकडला म्हणतो, फोटो पण आहे. शक्य आहे का?

जगातला सगळ्यात मोठा नोंदलेला लार्जमाउथ १० किलोच्या थोडा वर आहे. एक जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जियात धरला, दुसरा मनाबू कुरिता यांनी २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात, आणि दोघांच्या वजनात फरक इतका थोडा की नियमाप्रमाणे बरोबरी धरली गेली. त्यामुळे मित्राला विचारा काटा कुठला होता, फोटोत हात किती पुढे केले होते, आणि तेवढे हात पुढे करेपर्यंत मासा किती वेळ हवेत होता.